गेमिंग पीसीचा हट्ट आणि जुळणीचा हिशोब

दहावी-बारावीचे निकाल लागले की हल्ली घराघरांत एक मागणी हमखास पुढे येते. पूर्वी ती सायकलची असायची, मग मोबाईलची झाली, आता ‘पीसी’ची. तोही साधा नको, गेमिंगचा हवा. तयार गेमिंग लॅपटॉपची किंमत ऐकून अब्बा गप्प होतात. मग मुलगाच तोडगा काढतो, “सुटे पार्ट आणून घरीच जोडू, स्वस्तात होईल.” अम्मीला मात्र वाटते, हा सगळे उघडून ठेवणार आणि पुन्हा बसवता आले नाही म्हणजे ईदच्या आधी पाहुण्यांसमोर दिवाणखान्यात तारांचा ढीग दिसणार.

मुलाचे म्हणणे खोटे नाही. त्याच पैशांत सुट्या पार्टचा संगणक लॅपटॉपपेक्षा जास्त ताकदीचा होतो आणि पुढे एकेक भाग बदलता येतो. पण हे पार्ट एकमेकांशी जुळले पाहिजेत. प्रोसेसर उत्तम, मदरबोर्ड उत्तम, आणि दोघांचे सॉकेट वेगळे, असे झाले तर चाळीस-पन्नास हजारांचा माल कपाटात पडून राहतो. ज्या घरात ही रक्कम वर्षभर बाजूला टाकून जमते, तिथे ही चूक परवडत नाही.

आमच्या शाळेतल्या एका सहकाऱ्यांनी मुलाला जोडलेला ‘आय-सेव्हन गेमिंग पीसी’ घेतला. काचेची बाजू, रंगीत दिव्यांचे पंखे, पाहायला झकास. आमच्या मुलीने त्यातल्या प्रोसेसरचा क्रमांक पाहिला तर तो आय७-३७७० निघाला. हा प्रोसेसर २०१२ सालचा. त्याला जुनी डीडीआर३ रॅम लागते आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत तो नाही, कारण इंटेलमध्ये ती यादी आठव्या पिढीपासून सुरू होते. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे पेटीवर ‘आय-सेव्हन’ लिहिलेले असले तरी हातात आले ते दशकापूर्वीचे यंत्र. २०२२ मध्ये आलेला साधा आय३-१२१०० त्याला सहज मागे टाकतो. दुकानदार खोटे बोलला असे म्हणता येत नाही. तो पूर्ण क्रमांक बोलला नाही, एवढेच.

म्हणून पालकांनी निदान क्रमांक वाचायला शिकावे. इंटेलमध्ये आय३, आय५, आय७ हा दर्जा झाला, त्यापुढचे आकडे पिढी सांगतात: ३७७० म्हणजे तिसरी, १२१०० म्हणजे बारावी. शेवटी ‘एफ’ असेल तर त्यात चित्र दाखवणारा ग्राफिक्सचा भाग नसतो, वेगळे कार्ड घ्यावेच लागते. एएमडीच्या रायझन ५००० मालिकेत उलटे आहे: शेवटी ‘जी’ असेल तरच आत ग्राफिक्स असते. रायझन ५ ५६०० आणि रायझन ५ ५६००जी यांत एका अक्षराचा फरक, पण पहिला घेऊन कार्ड घेतले नाही तर पडदा काळाच राहील.

आमच्या घरी ही खरेदी २०२४ च्या उन्हाळ्यात झाली. मुलगा दहावी पास झाला होता, मुलगी बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होती. त्याला व्हॅलोरंट आणि क्रिकेटचे गेम हवे होते, तिला व्हिडिओ संपादन आणि ब्लेंडर शिकायचे होते. दोघांची साठवलेली ईदी, तिची बक्षिसाची रक्कम आणि आमची भर मिळून पंचेचाळीस हजार होत होते. त्यातच पडदा, कीबोर्ड, माऊस बसवायचे. आम्ही दोघांसमोर वही ठेवली आणि सांगितले, प्रत्येक पार्टसमोर तो दुसऱ्या कोणत्या पार्टला जुळतो ते लिहा. जुळणीचा रकाना रिकामा असेल ती वस्तू घ्यायची नाही.

पहिला रकाना सॉकेटचा. एएमडीचे एएम४ सॉकेट २०१६ पासूनचे आणि त्याला डीडीआर४ रॅम लागते. २०२२ चे एएम५ सॉकेट फक्त डीडीआर५ घेते. इंटेलच्या बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे सॉकेट एलजीए१७००, त्याच्या आधीच्या दोन पिढ्यांचे एलजीए१२००. एलजीए१७०० चे बोर्ड दोन प्रकारचे मिळतात, काही डीडीआर४ चे, काही डीडीआर५ चे. एकाच बोर्डाच्या नावात शेवटी ‘डी४’ जोडलेले असते, ते नजरेतून सुटले की रॅम चुकीची येते. दोन्ही रॅमची खाच वेगळ्या जागी असल्याने ती बसणारच नाही, जोर लावला तर तुटेल.

नवे एएम५ घ्यावे की जुने एएम४, यावर घरात दोन दिवस वाद चालला. मुलाचे म्हणणे, नव्या सॉकेटवर पुढे नवे प्रोसेसर बसतील. बरोबर होते. पण बोर्ड आणि रॅम दोन्हींचा खर्च वाढत होता आणि आमची थैली तेवढी नव्हती. शेवटी मुलीने निकाल दिला: पंचेचाळीस हजारांत एएम४, आणि त्यात ५६००जी. सहा कोअर, बारा थ्रेड, पासष्ट वॅट, सोबत कंपनीचा पंखा, आणि आत ग्राफिक्स. व्हॅलोरंटसारखा हलका गेम त्यावर कार्डाशिवाय चालतो. मोठे गेम चालणार नाहीत, ते मुलाला आधीच स्पष्ट सांगितले. कार्ड नंतर, पैसे जमतील तेव्हा. आम्हाला हा मार्ग पटला, कारण त्यात कर्ज नव्हते.

त्याविषयी थोडे बोलायला हवे. दुकानातल्या तरुणाने दोन वेळा सुचवले, “सर, कार्ड आत्ताच घ्या, नो-कॉस्ट ईएमआय आहे, व्याज झिरो.” आपल्याकडे सूदपासून दूर राहू पाहणारी अनेक कुटुंबे हा शब्द ऐकून निश्चिंत होतात. प्रत्यक्षात क्रेडिट कार्डाच्या अशा योजनेत बँक व्याज आकारतेच. विक्रेता किंवा कंपनी तेवढी सूट किमतीत देते, म्हणून आपल्याला ते दिसत नाही. त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि अनेकदा प्रक्रिया शुल्क ग्राहकाच्याच माथी येते. रिझर्व्ह बँकेने २०१३ साली बँकांना पाठवलेल्या परिपत्रकात शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते असे बजावले होते. शरीयतच्या दृष्टीने काय ते आपापल्या उलेमांना विचारावे, पण बिलावर व्याजाची ओळ असते हे माहीत असून विचारावे. रोख दिल्यावर मिळणारी घासाघीसही ईएमआयमध्ये हातची जाते.

बोर्ड आम्ही बी४५० चा घेतला. इथे एक खोच आहे. बी४५० बाजारात आले तेव्हा ५००० मालिका जन्मालाच आलेली नव्हती. सॉकेट तेच असले तरी बोर्डाच्या बायोसला नवा प्रोसेसर ओळखता यावा लागतो. जुना साठा असेल तर संगणक सुरूच होत नाही, आणि बायोस अद्ययावत करायला जुना प्रोसेसर कुठून आणणार? म्हणून पेटीवर ‘रायझन ५००० रेडी’ची पट्टी पाहावी, किंवा बोर्ड कंपनीच्या संकेतस्थळावर प्रोसेसरची यादी उघडून आपला क्रमांक कोणत्या बायोस आवृत्तीपासून चालतो ते पाहावे आणि दुकानदाराकडून ती आवृत्ती टाकून घ्यावी. काही बोर्डांवर प्रोसेसर नसतानाही पेनड्राइव्हवरून बायोस बदलण्याची सोय असते.

रॅम सोळा जीबी. दुकानदाराने सोळाची एकच पट्टी पुढे केली. “नंतर अजून एक टाका, बत्तीस होईल.” सल्ला वाईट नव्हता, पण आमच्यासाठी चुकीचा होता. ५६००जीच्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते याच रॅममधून उसने घेते. आठ-आठच्या दोन पट्ट्या लावल्या की रॅमचे दोन मार्ग उघडतात आणि गेममध्ये फरक उघड दिसतो. मुलगी म्हणाली, “अंकल, आठच्या दोन द्या, ३२०० च्या.” त्याने तिच्याकडे पाहिले, मग आमच्याकडे, आणि निमूटपणे बदलून दिल्या. चार खाचांच्या बोर्डात या दोन पट्ट्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवतात. नंतर बायोसमध्ये एक्सएमपी सुरू करायचे, नाहीतर ३२०० ची रॅम कमी वेगाने चालत राहते आणि कुणाला कळतही नाही.

साठवणुकीचे फार लिहिण्यासारखे नाही. पाचशे जीबीची एम.२ एनव्हीएमई एसएसडी घ्यावी, हार्ड डिस्कवर विंडोज टाकू नये. एम.२ आकाराच्या काही एसएसडी साटा जातीच्याही असतात. दिसायला जवळपास सारख्या, वेगाला मागे. बोर्डाची पुस्तिका पाहून घ्यावी.

आता ज्या पार्टला कुणी किंमत देत नाही तो. पॉवर सप्लाय, म्हणजे एसएमपीएस. लहान गावांत कॅबिनेटबरोबर तो ‘फुकट’ येतो, वर ‘४५० वॅट’ छापलेले असते. वजन हातात घेऊन पाहा, बहुतेक वेळा तेच सगळे सांगते. असा सप्लाय साध्या कार्यालयीन कामाला वर्षानुवर्षे चालेलही, पण गेमिंग कार्डाचा भार आला की संगणक मधेच बंद पडतो, आणि फुटला तर शेजारच्या पार्टलाही घेऊन जातो. आम्ही नामांकित कंपनीचा ५५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझचा घेतला. कार्ड नव्हते तरी घेतला, कारण सप्लाय पुढच्या कार्डाच्या हिशेबानेच घ्यायचा असतो.

हिशोब अवघड नाही, सातवीचा मुलगा करील. ५६००जी पूर्ण जोरात असताना जास्तीत जास्त ८८ वॅटच्या आसपास घेतो. आमच्या मनात असलेले आरएक्स ६६०० कार्ड १३२ वॅटचे. बोर्ड, रॅम, पंखे, एसएसडी मिळून पन्नास धरा. बेरीज २७० येते. ५५० चा सप्लाय अर्ध्या भारावर राहतो, थंड राहतो, आवाज करत नाही. कार्डाला वीज दोन वाटांनी जाते: बोर्डाच्या खाचेतून ७५ वॅटपर्यंत, वरची वेगळ्या तारेने. सहा पिनांची तार आणखी ७५ ची, आठ पिनांची १५० ची. सप्लायला आठ पिनांची पीसीआय-ई तार आहे ना, हे आधी बघावे. प्रोसेसरचीही एक आठ पिनांची तार असते, दिसायला जुळी बहीण, पण ती कार्डात लावायची नसते. आणि सुट्या तारांचा सप्लाय घेतला तर एका कंपनीच्या तारा दुसऱ्या कंपनीच्या सप्लायला कधीही लावू नयेत, टोके बसतात पण आतली वायरिंग वेगळी असते.

आपल्याकडच्या विजेचाही विचार करायला हवा. घराचे अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर ती गंमत नव्हे. घरात ६०० व्हीएचा यूपीएस असेल तर तो साधारण ३६० वॅटचा असतो. कार्डाशिवायच्या संगणकाला पुरतो, कार्ड आल्यावर पडद्यासह तीनशेच्या घरात गेलो की तो कुरकुरतो. तेव्हा एक केव्हीएचा घ्यावा लागेल, त्याचा खर्च आतापासून मनात धरावा.

आमचे बिल असे झाले: प्रोसेसर साडेअकरा हजार, बोर्ड सात हजार, रॅम ३,६००, एसएसडी ३,०००, सप्लाय ४,२००, कॅबिनेट तीन हजार. हे ३२,३०० झाले. चोवीस इंची फुल एचडी पडदा साडेआठ हजार, कीबोर्ड-माऊस हजार. एकूण ४१,८००. उरलेल्या ३,२०० चे काय करायचे यावर मुलाचे आणि आमचे एकमत झाले नाही. ते कार्डाच्या डब्यात गेले. हे त्या वेळचे भाव आहेत. त्यानंतर रॅम बरीच महागली आहे, त्यामुळे आकड्यांपेक्षा त्यांचे एकमेकांशी प्रमाण बघा: दिव्यांच्या पंख्यांवर शून्य, सप्लायवर दहावा हिस्सा.

कार्डाची घाई नसल्याचा एक फायदा झाला, मुलाला ते नीट वाचता आले. तिथे सापळे जास्त आहेत. आरटीएक्स ३०५० नावाची दोन कार्डे आहेत, एक आठ जीबीचे आणि एक सहा जीबीचे. नुसती मेमरी कमी नाही, सहा जीबीच्या कार्डाची चिपही कापलेली आहे. त्याची जमेची बाजू एवढीच की ते ७० वॅटचे असल्याने बहुतेक वेगळी तार मागत नाही, साध्या सप्लायवरही चालते. आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्त दिसते, पण ते बोर्डाशी फक्त चार मार्गांनी बोलते. ५६००जी पीसीआय-ई ३.० चाच असल्याने तिथे ते आणखी मंदावते, शिवाय मेमरी साधारणपणे चार जीबी. आरएक्स ६६०० ला आठ मार्ग आहेत, त्यामुळे त्याचे फारसे बिघडत नाही. कार्डाची लांबी मिलिमीटरमध्ये पाहून कॅबिनेटच्या माहितीशी ताडावी. आमच्या मुलाने जुन्या वहीचा पुठ्ठा त्या लांबीचा कापून आत धरून पाहिला.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत फिरताना वापरलेली कार्डे निम्म्या भावात दाखवतात. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि त्यासाठी रात्रंदिवस राबलेली कार्डे बाजारात लोटली. सगळीच वाईट असतात असे नाही, पण चालवून दाखवल्याशिवाय, निदान अर्धा तास भार देऊन तापमान पाहिल्याशिवाय घेऊ नयेत. आरएक्स ५८० चा ‘२०४८ एसपी’ हा कमी ताकदीचा भाऊ ५८० म्हणूनच खपवतात. वरून कोरडे आणि आत भिजलेले धान्य विकणाऱ्याला हजरत पैगंबर (स.) यांनी जाब विचारला, तो प्रसंग आपण मुलांना मदरशात शिकवतो. मालातला दोष सांगून विकण्याचा तो दंडक जुन्या ग्राफिक्स कार्डालाही लागू आहे. उद्या आपल्या मुलाने आपले कार्ड विकले तेव्हाही.

विंडोजचेही तसेच. पार्टवर पै-पैचा हिशोब करायचा आणि विंडोज मात्र कुणाकडून तरी ‘क्रॅक’ करून घ्यायची, ही आपल्याकडची सर्रास पद्धत. फुकट मिळालेल्या त्या फायलींतून व्हायरस येतो हे एक, आणि ते दुसऱ्याच्या मेहनतीचे आहे हे दुसरे. परवान्याचे पैसे नसतील तर लिनक्स फुकट आणि हलाल आहे. स्टीमवरचे बरेच गेम त्यावर चालतात. व्हॅलोरंट मात्र चालत नाही, त्याची फसवणूकविरोधी यंत्रणा विंडोजच मागते, आणि विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूटही. म्हणून आमच्याकडे विंडोजचा परवाना घेतला, तो खर्च आमच्या बाजूने, वरच्या बिलाबाहेर.

दादीजानचा प्रश्न आम्ही टाळला नाही: “हे सगळं करून पोरगा खेळणारच ना?” खेळणार. संगणक दिवाणखान्यात ठेवला आहे, दार लावून घेता येत नाही अशा जागी. अजान झाली की पडदा बंद. मित्रांशी सामना अर्ध्यावर असताना उठणे मुलाला जड जाते, म्हणून मगरिब आणि इशाच्या दरम्यान सामना सुरूच करायचा नाही असे त्यानेच ठरवले. पैसे लावायच्या खेळांवर २०२५ च्या कायद्याने बंदी आली आहेच, पण गेममध्ये पैसे देऊन बंद पेटी उघडायची आणि काय निघेल ते नशिबावर, हा प्रकार अजून आहे. आमच्या घरात त्याला जुगारच समजले जाते, आणि संगणकावर कार्डाचा क्रमांक साठवलेला नाही.

जोडणी एका रविवारी दुपारी झाली, तीन तास लागले. एएम४ प्रोसेसरच्या पिना प्रोसेसरलाच असतात, सोनेरी त्रिकोण जुळवून तो अलगद सोडायचा, दाबायचा नाही. इंटेलमध्ये पिना बोर्डावर असतात, तिथे बोर्ड जपायचा. हात आधी एखाद्या धातूला लावून स्थिर वीज घालवावी, गालिच्यावर बसून काम करू नये. बोर्डाखालचे पितळी खुंट कॅबिनेटमध्ये त्याच्या भोकांच्याच जागी असावेत, एखादा जादा राहिला तर बोर्ड शॉर्ट होतो. पंख्यावर लेप आधीच लावलेला येतो, वर आणखी थापू नये. कार्ड आल्यावर पडद्याची तार बोर्डातून काढून कार्डात लावायची, हे विसरल्याने नवे कार्ड ‘खराब’ म्हणून परत करायला निघालेले लोक आम्ही पाहिले आहेत.

बिले फाईलला लावा. प्रत्येक बिलावर पार्टचा सिरियल क्रमांक लिहून घ्या, पेटीबंद प्रोसेसरच घ्या. ‘ट्रे’चा म्हणजे सुटा प्रोसेसर शे-पाचशेने स्वस्त असतो पण त्यावर कंपनीची तीन वर्षांची हमी नसते. पेट्या माळ्यावर टाकताना निदान बोर्डाची आणि सप्लायची ठेवाच, दुरुस्तीला पाठवायची वेळ आली तर त्या लागतात.